नावाड्याचे नेम

आमच्या धर्माबादेत शाळकरी पोरालाही पाण्याच्या दोन तारखा पाठ असतात. १ जुलैला बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे वर जायचे आणि २९ ऑक्टोबरला खाली यायचे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी तसा निकाल दिला. आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये दावा लावला होता. बंधारा किती पाणी धरणार, तर २.७४ टीएमसी. १ मार्चला खालच्या पोचमपाड धरणासाठी किती सोडायचं, तर ०.६ टीएमसी. देखरेखीला तिघांची समिती. या बंधाऱ्यापायीच २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू इकडे आले आणि त्यांना आमच्या आयटीआयमध्ये ठेवावं लागलं. गावात तेवढे कॅमेरेवाले त्याआधी कधी आले नव्हते, नंतरही नाहीत. मिरचीच्या आडतीवरचे हमालसुद्धा पोती टाकून बघायला गेले होते.

पाण्याचा असा दशांश चिन्हापर्यंत हिशेब असलेली ही गंगा. (गोदावरी पुस्तकात. आम्ही गंगाथडीची माणसं गंगाच म्हणतो.) पण याच पाण्यावरून माणूस पलीकडे जातो, त्यात जाळं टाकतो, बुडी मारतो आणि अधूनमधून बुडतो. त्या माणसासाठी कुणी काय नियम केले, कधी केले, का केले, हे शोधायचा नाद मला नोकरीत लागला. मी महसूल खात्यातला. आधी तलाठी, शेवटी मंडळ अधिकारी. नदीकाठचे सज्जे माझ्या वाट्याला बरेच आले. तलाठ्याला नदी दिसते ती पूररेषा, वाळूघाट आणि पंचनामा अशी. नाव आणि नावाडी हे आमच्या कुठल्याच रकान्यात नव्हते, म्हणूनच बहुधा माझं लक्ष तिकडे गेलं.

नदीवरच्या वसुलीचा इतिहास मात्र जुना आहे. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला हिऱ्यांच्या व्यापारासाठी जात असे. त्याच्या वाटेवर नांदेड होतं. त्याने लिहून ठेवलंय की नांदेडला नदी ओलांडावी लागते, दर गाड्यामागे चार रुपये द्यावे लागतात आणि शिवाय सुभेदाराचा परवाना लागतो. त्या काळचे चार रुपये म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. परवाना होता, तोही गाडीतला माल आणि माणूस कोण हे कळावं म्हणून. उताराला पाणी किती आणि गाडी सुखरूप पार होईल का, ही काळजी गाडीवानाची.

इंग्रजांनी हीच वसुली कायद्यात बसवली. मुंबई इलाख्यात १८६८ चा कायदा आला, तरींचा (तर म्हणजे पलीकडे नेणारी नाव) आणि अंतर्गत जलवाहतुकीच्या नौकांचा. उत्तरेसाठी १८७८ चा. मद्रासेत १८९० चा, कालवे आणि सार्वजनिक तरींचा. आमच्याकडे निजामाचं राज्य. त्याचा तरींचा कायदा फसली १३१४ चा, म्हणजे इसवी सन १९०४-०५ च्या सुमाराचा. शेजारच्या तेलंगणात त्याचं नाव अगदी अलीकडच्या पंचायत कायद्यातही सापडतं. या सगळ्या कायद्यांचा सांगाडा एकच. सरकारने एखादा घाट सार्वजनिक तर म्हणून जाहीर करायचा, तिथला वसुलीचा हक्क लिलावात द्यायचा, दराचा तक्ता घाटावर लावायचा, आणि ठेकेदाराच्या उत्पन्नाला दुसऱ्याने हात लावू नये याचा बंदोबस्त करायचा. १८७८ च्या कायद्यात तर स्पष्टच होतं: सार्वजनिक तरीच्या दोन मैलांच्या आत दुसऱ्या कुणी परवानगीशिवाय तर चालवायची नाही. नावेत माणसं किती घ्यायची, नाव केवढी असावी, तिच्यावर सामान काय असावं, यासाठी नियम करायची मुभा सरकारला होती. मुभा होती, एवढंच. लिलाव मात्र होणारच होता.

हे वाचताना मला वाटायचं की चला, निदान कायद्याला माणसांच्या संख्येची आठवण तरी झाली. पुढे एका म्हाताऱ्या नावाड्याशी गाठ पडली आणि त्या आठवणीचं कारण कळलं.

मांजरा जिथे गंगेला मिळते तो पट्टा आमचा. अलीकडे कुंडलवाडी, पलीकडे कंदकुर्ती, हरिद्रा धरून तिथे त्रिवेणी संगम मानतात. या पट्ट्यातल्या एका गावी त्या नावाड्याचं, आबांचं, घर. जात भोई, भाषा अर्धी मराठी, अर्धी तेलुगू. त्यांच्या बापाने आणि आज्याने तर चालवलेली. मी भेटलो तेव्हा नाव गेलेली होती, पण तिची एक फळी गोठ्यात गव्हाणीला लावलेली होती. फळीच्या बाहेरच्या अंगाला डांबराचा एक पट्टा होता, बोटभर रुंद, पुसट.

"हे काय, आबा?"

"काठ. हितवर पाणी आलं की बास. मग पाटील येऊ द्या न्हाय तर पटवारी, पुढच्या खेपंला."

पट्ट्यापासून फळीच्या वरच्या कडेपर्यंत मी हात लावून पाहिला. वीतभर अंतर होतं. लंडनच्या पार्लमेंटात सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने वर्षानुवर्षं भांडून १८७६ मध्ये जहाजांच्या अंगावर भाररेषा काढणं सक्तीचं करून घेतलं, कारण मालक विम्याच्या भरवशावर जहाजं खच्चून भरत आणि खलाशी बुडत. आबांच्या आज्याला प्लिम्सॉल ठाऊक असायचं कारण नाही. त्याला त्याची नाव ठाऊक होती.

बाकीचे नेम आबांनी बसल्या बैठकीला सांगितले. माणसं आणि जनावरं एका खेपेला घ्यायची नाहीत. बैल बुजला की नाव गेलीच. बैलांना पोहत न्यायचं, एकाने शेपटी धरून मागे. नावेत बसायचं, उभं राहायचं नाही. उभा राहील त्याला उतरवायचा, भाडं परत द्यायचं नाही. लेकुरवाळ्या मध्ये, दणकट गडी दोन्ही टोकांना. दिवेलागणीनंतर नाव सोडायची नाही. अडलेली बाळंतीण असेल तरच, आणि तेव्हाही दोन कंदील आणि दोन पोहणारे बरोबर. पाण्यावर फेस आणि काटक्या दिसल्या की वरती कुठे तरी पाऊस झालाय, पाणी चढणार. दोर बांधायचा आणि घरी जायचं. "माझा आजा म्हनायचा, गंगंला घाई नसती, आपल्याला असती. फेस आला की मी सोयऱ्याला बी नेत नसतो."

मी विचारलं, लोक ऐकायचे? पाटलाला नाही म्हणायची हिंमत कशी व्हायची?

"पाटलाकडून काय रोज पैसा घ्यायचा होता का? खळ्यावर पायली मिळायची वर्साला. दहा बार नेला काय अन एक बार नेला काय."

हे उत्तर मला त्या सगळ्या कायद्यांपेक्षा जास्त शिकवून गेलं. नावाड्याचं बलुतं सालाचं होतं. गावातल्या घरांनी सुगीला धान्य द्यायचं, त्याने वर्षभर उतरवायचं. परगावच्या माणसाकडून काय रोख मिळेल ती वरकड. एका खेपेत दहा माणसं बसवली काय आणि वीस बसवली काय, पायली तेवढीच. मग कोण कशाला नाव खच्चून भरील? उलट नाव बुडाली तर नाव त्याची, बुडणारी माणसं त्याच्याच गावची, आणि पुढच्या सुगीला खळ्यावर उभं राहायचं तोंड नाही. लिलाव आला आणि माणशी पैसा आला. ठेकेदाराने सरकारात रक्कम आधी भरलेली, ती सालाच्या आत काढायची, म्हणजे प्रत्येक खेपेला एकेक डोकं मोलाचं. मग नावेत माणसं किती हा नियम लागणारच. आबांच्या बापाने एकदा लिलावात बोली लावली होती, एका सावकाराच्या पैशावर. त्या सालाबद्दल आबा फार बोलले नाहीत. "काठ झाकला त्या साली," एवढंच म्हणाले.

आता कुणी म्हणेल, बलुत्याचं एवढं कौतुक नको, त्यात जातीचा जाच होताच. होताच. पायली मागायला खळ्याच्या कडेलाच उभं राहावं लागे, हे आबांनीच सांगितलं, आणि पायलीत भूस किती मिसळायचं हे पाटलाच्या मर्जीवर. मी फक्त एवढंच म्हणतो की नावेतल्या माणसाचा जीव कुठल्या पद्धतीत जास्त सुरक्षित होता, याचं उत्तर पैसे कसे मिळतात यात होतं. त्या कायद्यांनी या गोष्टीला हातच घातला नाही. घालणारही कसे? लिलाव बंद झाला तर उत्पन्न गेलं.

तशी तर आमच्याकडे फार टिकलीही नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली, मनमाड ते सिकंदराबाद. बासरजवळ गंगेवर पूल झाला आणि धर्माबादची मिरची आगगाडीतून पार होऊ लागली. मग हळूहळू सडकेचे पूल. १९४८ मध्ये निजामी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं आंध्रात गेली, धर्माबाद मुंबई राज्यात राहिलं. बासरची सरस्वती पुढच्याच स्टेशनावर, पण दुसऱ्या राज्यात. नदीचा एक काठ एका कायद्याखाली, दुसरा दुसऱ्या. आबांच्या नावेने सकाळी एका राज्यातून निघून विडी संपायच्या आत दुसऱ्यात जायचं. त्याबद्दल कुणाला काही पडलेली नव्हती, कारण तोवर नावेत फक्त पलीकडे शेत असलेले आणि पलीकडे लेक दिलेले लोक उरले होते.

तरी बंद पडल्या तशी कायद्यांवर धूळ बसली. पण नेमक्या त्याच सुमाराला नदी बदलायला लागली, आणि गोष्ट खरी इथून पुढे आहे.

मराठवाड्यातली नदी पूर्वी चार महिने वाहायची आणि आठ महिने ठिकठिकाणी डोह धरून पडायची. कुठला डोह पुरुषभर, कुठला दोन पुरुष, कुठे भोवरा, कुठे गाळ, हे काठच्या प्रत्येक लेकराला माहीत. २६ जुलै १९६३ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पोचमपाडचा, आता ज्याला श्रीराम सागर म्हणतात त्याचा, पाया घातला गेला. धरण भरायला लागलं तसं त्याचं मागचं पाणी बासरच्या दिशेने चढत आलं. वरच्या अंगाला आपल्या सरकारने उच्च पातळी बंधाऱ्यांची रांग लावली. मुळी, दिग्रस, अंतेश्वर, आमदुरा, बळेगाव, बाभळी. वाहती नदी हिवाळ्यापासून तुंबलेली तळी झाली. शेताला फायदा झाला, विहिरी चढल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी वाढलं आणि पाण्याची ओळख तुटली. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं, असा हा मुलूख. इथल्या पोराने पोहायला शिकावं कुठे? आमच्या वेळी विहिरीत, कमरेला पांगाऱ्याचं ओंडकं किंवा पाठीला वाळका भोपळा बांधून, वर काठावर चुलता उभा. आता विहिरींना कठडे, वर मोटारी, आणि चुलता पुण्याला.

नावही बदलली. पलीकडच्या काठाला गंगापुत्र आणि बेस्ता मच्छीमार पुट्टी वापरायचे. बांबूची टोपली, बाहेरून पूर्वी कातडं, नंतर ताडपत्री आणि डांबर. आता दोन्ही काठांना थर्माकोल. पॅकिंगचे ठोकळे जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधायचे, वर फळी. तेलुगूत तेप्पा, आपल्यात तराफा. स्वस्त, हलका, बुडत नाही, पण उलटतो. आणि त्याला काठच नाही, त्यामुळे डांबराचा पट्टा ओढायचा कुठे? वर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात भिव धानोऱ्याची लेकरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेला जातात अशी बातमी आली, तेव्हा २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. धरण सत्तरच्या दशकातलं. बातमी २०२३ ची.

आता बुडीबद्दल. आमच्याकडे पाण्यात बुडी मारणारे तीन प्रकारचे. पहिली बासरच्या पुलाखालची पोरं. आगगाडी पुलावर आली की प्रवासी हात जोडतात आणि नाणं टाकतात. पूर्वी पोरं त्यामागे सूर मारायची. नाणी स्टेनलेस स्टीलची झाली तशी दोरीला लोहचुंबक बांधून काठावरून, नाही तर तराफ्यावरून ओढायची सोय झाली. त्यांना नियम कुठला लागू, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसरे भोई पाणबुडे. कुणी बुडालं की पोलीस आधी यांच्या वस्तीवर माणूस पाठवतात. मी अशा वेळी काठावर पुष्कळदा उभा राहिलोय. बघणाऱ्याला वाटतं, पाणबुड्या डोळ्याने शोधतो. गंगेच्या गढूळ पाण्यात हातभर खाली काही दिसत नाही. तो पायाने शोधतो. कमरेला दोर, दोराचं टोक काठावर भावाच्या हातात. खाली गेला की तळाशी पाय घासत अर्धवर्तुळ फिरतो. दोराला एक हिसका म्हणजे जिवंत आहे, दोन म्हणजे सापडलं, लागोपाठ हिसके म्हणजे ओढ. वर आला की कुणाशी बोलत नाही, विडी मागतो. फार खोल असेल तर लोखंडी गळ टाकून तळ विंचरायचा. ऑक्सिजनची टाकी, काच, रबरी कपडा यातलं काही नाही. हिसक्यांची ही भाषा त्यांची त्यांनी बसवलेली. इतर कुणाला ती पाठ नाही.

आणि कागदावर? पंचनाम्यात वाक्य ठरलेलं: "स्थानिक नागरिकांच्या मदतीने प्रेत पाण्याबाहेर काढण्यात आले." पंचांची नावं असतात, पोलीस पाटलाचं असतं, माझंही असे. जो दीड तास तळाशी पाय घासत होता त्याचं नाव मी कुठल्याही पंचनाम्यात पाहिलेलं नाही. मजुरी द्यायला लेखाशीर्ष नसतं. मयताचे नातेवाईक पंचा-नारळ देतात, तोच मेहनताना.

भरपाईचंही असंच. पुरात वाहून गेला तर नैसर्गिक आपत्ती, वारसांना चार लाख. तोच माणूस उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या साठ्यात पोहताना गेला तर आपत्ती नाही. सातबाऱ्यावर नाव असेल, किंवा घरात कुणाचं असेल, तर शेतकरी अपघाताच्या योजनेत दोन लाख. भूमिहीन भोयाचं नाव सातबाऱ्यावर कुठून येणार? आमच्याकडे येऊन लोक विचारायचे, "साहेब, पूर होता असं लिहिता येत नाही का?" एप्रिल महिन्यात पूर कसा लिहायचा?

तिसरे बुडीवाले वाळूचे. हे परप्रांतातून आणलेले मजूर. लोखंडी पिंप किंवा थर्माकोलचा तराफा, त्याला बांबू, बांबूला धरून तळाशी जायचं आणि बादलीने वाळू वर काढायची. दिवस-दिवस. काढून काढून तळाला जे खड्डे पडतात ते कुठल्याच नकाशावर नसतात. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरून जातो. आमच्या खात्याची पथकं जातात, तराफे जप्त करतात, जाळतात, जिलेटिनने उडवतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. नांदेड जिल्ह्यात गंगेवर सरकारने इतक्या नेमाने पकडलेली जलवाहनं ही एवढीच. आणि तीही नौकांच्या कायद्याखाली नव्हे. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८, गौण खनिज. तराफ्यावर बसलेल्याला पोहता येतं का, हे विचारायचं कलम त्यात नाही. दंड ब्रासवर.

मुंबईच्या बाजूला अपघात झाला की देश हलतो. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, कोकणात अजून गटारी अमावस्येला तिची आठवण निघते. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमलवर नौदलाची स्पीडबोट आदळली. परवाना ८४ प्रवाशांचा, बोटीत शंभराच्या वर. माणशी पैसा. पण आतल्या नद्यांवर मरतात ती माणसं वेगळी. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका वैनगंगेपलीकडे मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा उलटला, सहा जणी गेल्या. आमचं गाव मिरचीवर जगतं. तोडणीचा भाव, आडतीचा भाव, तिखटाचा भाव, सगळं इथे तोंडावर असतं. ती बातमी आली त्या दिवशीही भाव निघाले. तोडणारी बाई शेतापर्यंत कशी पोहोचते, हा भावाचा भाग नसतो.

८ ऑगस्ट २०१९ चं ब्रह्मनाळ तर सगळ्यांना आठवत असेल. पलूस तालुका, कृष्णेचा महापूर. ग्रामपंचायतीचीच बोट, माणसं वाचवायला निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली. सतरा जण बुडाले. तिथे भाडं नव्हतं, लिलाव नव्हता, तरी काठ झाकला. इथे आबांच्या पायलीचा माझा सिद्धान्त अपुरा पडतो, हे मान्य करायला हवं. घाबरलेल्या माणसांना काठावर थांबवायला आणि "पुढच्या खेपेला" म्हणायला नावेचा मालक पिढ्यान् पिढ्याचा लागतो. पंचायतीने विकत घेतलेल्या बोटीबरोबर तो मिळत नाही. आमच्या मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये लेंडीच्या पाण्यात हसनाळ, रावणगाव ही गावं वेढली गेली, तेव्हा आपत्ती दलं आणि लष्कर आलं. राज्याच्या दलाची ठाणी धुळ्याला आणि नागपूरला. ती पोहोचेपर्यंतचे तास कोण कशावर बसून काढतो, ते ज्याचं त्याला माहीत.

यंत्राच्या बोटींसाठी देशाचा कायदा १९१७ पासून होता, मुळात वाफेच्या बोटींचा. आमच्या पट्ट्यात वाफेची बोट कधी आली नाही, म्हणून कायदाही आला नाही. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे, स्थापना १९९६. त्याचे बंदरसमूह पाच: बांद्रा, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला. धर्माबादहून यातलं जवळचं कुठलं, हे नकाशा घेऊन ठरवावं लागेल. गंमत म्हणजे २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्गांच्या कायद्यात १११ जलमार्ग जाहीर झाले, त्यात आमची मांजराही आहे. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात.

२०१७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नावांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मी ती नेटाने वाचली. नावेवर क्षमता लिहावी, भाररेषा रंगवावी, जीवरक्षक जाकीट द्यावं, खराब हवेत आणि अंधारात नाव सोडू नये. जाकीट सोडलं तर सगळं गोठ्यातल्या फळीवर होतं.

मग २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान अधिनियम आला, १९१७ चा गेला. या नव्या कायद्यात पहिल्यांदाच बिनयंत्राच्या नावांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. अशा नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर, अगदी गावापर्यंत, ठेवता येईल, नोंदीचा दाखला देता येईल, ओळख क्रमांक देता येईल, असं त्यात म्हटलंय. माझ्या मते गेल्या दीडशे वर्षांत नावेच्या कायद्यात आलेला हा सगळ्यात शहाणा विचार आहे, कारण नाव कुणाची आणि तिच्यात किती बसतात हे बांद्र्यापेक्षा गावाला जास्त कळतं. प्रश्न फक्त हा, की गावात तो कागद पोहोचलाय का.

२०२७ जवळ आलंय. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ आणि बासर-कंदकुर्तीला स्नानाचा पुष्कर मेळा. २००३ ला झालं, २०१५ ला झालं. दोन्ही काठांना माणसं लोटतात, आणि पुष्करात चार दिवस का होईना, हौसेचा फेरा मारायला नावा निघतात, माणशी पैसा घेऊन. २०१५ मध्ये १४ जुलैला, पुष्कराच्या पहिल्याच दिवशी, खाली राजमहेंद्रीला चेंगराचेंगरी झाली. पंचविसाहून जास्त माणसं पाण्यात पाय बुडायच्या आधीच गेली. म्हणून घाटांचे आराखडे आता काळजीने होतात. पाण्यात दोर, बांबूचे कठडे, भोंगे. नावांचं काय, हे विचारायला मी काठच्या एका गावच्या ग्रामपंचायतीत गेलो होतो. ग्रामसेवक तरुण आहे, कामाचा आहे. मी कायद्यातलं ते प्रकरण मोबाइलवर दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं.

"किती असतील नावा तुमच्या हद्दीत?" मी विचारलं.

"नावा दोन-तीन. थर्माकोल धरले तर लै."

"मग नोंद घ्या की. दाखला द्या. पुष्कराच्या आधी क्षमता तरी लिहून घ्या नावेवर."

त्याने कपाटाकडे हात केला. ग्रामपंचायतीचे नमुने एकपासून तेहतीसपर्यंत असतात: जमाखर्च, कर आकारणी, जडवस्तू, रस्ते, झाडं, सगळ्यांची दप्तरं त्यात ओळीने लावलेली होती.

"घेतो की, साहेब," तो म्हणाला. "कितव्या नमुन्यात घेऊ तेवढं सांगा."